अधांतरी उभा बाजार

महाविद्यालयातल्या पहिल्याच तासाला सरांनी मला गाव विचारले. मी म्हटले, "शिरपूर." सर म्हणाले, "अरे वा, म्हणजे धुळ्याकडची?" मी घाईघाईने म्हटले, "नाही सर, मालेगाव तालुक्यातले." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "म्हणजे नाशिककडची?" सारा वर्ग हसला. मीही हसले, पण मनात थोडे खट्टू वाटले. आमच्या पत्त्यातली दोन्ही नावे दुसऱ्याच कुणाच्या तरी मोठ्या गावांनी आधी गाजवून ठेवली आहेत. म्हणून आम्हाला पुढे 'जैन' लावावे लागते. शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. एवढे सांगितल्यावर मग समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "हां हां, ते अधांतरी मूर्तीचे गाव!"

होय, तेच. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे. भगवंतांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई आणि आता केवळ एक कापड सरकते, असे म्हातारी माणसे सांगतात. या मंदिराच्या हक्काचा श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांतला वाद १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. पुढे १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली निघाले. बेचाळीस वर्षे! माझ्या आईने तिच्या साऱ्या बालपणात ते दार उघडे पाहिले नाही. माझे तर निम्म्याहून अधिक आयुष्य त्या बंद दारापुढून शाळेत जाण्यात गेले.

परंतु वाचकहो, मला आज मंदिराविषयी लिहायचे नाही. तो अधिकार माझा नव्हे. मला लिहायचे आहे ते आमच्या गावात अधांतरी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीविषयी. तिला कुलूप लागले तर कुठल्याही न्यायालयात दावा दाखल होणार नाही. ती गोष्ट म्हणजे आमचा बाजार.

आमचे घर गावाच्या कडेला. आम्ही बाजारात जाताना "बाजारात जातो" असे म्हणत नाही, "गावात जाऊन येतो" असे म्हणतो. जणू बाजार म्हणजेच गाव, आणि आम्ही राहतो ते केवळ त्याचे अंगण. एस. टी.तून उतरले की पहिल्यांदा तळलेल्या आलुबोंड्याचा वास येतो. मग कृषी सेवा केंद्रांतला औषधांचा उग्र वास, पुढे पिठाच्या गिरणीचा गरम वास, आणि किराणा दुकानापाशी गूळ, मिरची, साबण आणि रॉकेलची जुनी आठवण असा सगळा मिळून एक. माझे डोळे बांधून कुणी मला तिथे सोडले तरी मी कुठल्या दुकानापुढे उभी आहे हे नाकाने सांगेन.

पोळ्याच्या आधी आठ दिवस या बाजाराला जे रूप चढते ते पाहण्यासारखे असते. झुली, घुंगरमाळा, बेगड, रंग, नवे कासरे, नव्या वेसणी. बैल असणारे कमी झाले, घरोघरी ट्रॅक्टर भाड्याने येऊ लागला. तरी तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी लाकडी बैल घ्यायला अजून गर्दी होते. महाशिवरात्रीला जानगीर महाराजांच्या यात्रेत तर बांगड्यांच्या दुकानापुढे पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या दिवशी हाच बाजार दुपारी दोन वाजता पेंगत असतो. शिंपीकाका मशीनवर डोके टेकून झोपलेले, झेरॉक्सवाला मोबाईल पाहत बसलेला, आणि एखादी गाय केळीच्या गाडीकडे तत्त्वज्ञाच्या नजरेने बघत उभी.

शहरातल्या मैत्रिणी म्हणतील, यात विशेष ते काय? असा बाजार कुठल्या गावाला नाही? खरे आहे. विशेष काहीच नाही. पण हा बाजार कशावर उभा आहे हे मला दोन वर्षांपूर्वी कळले, आणि तेव्हापासून मी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहते. तेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. जूनच्या शेवटी पेरलेले सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येते. तूर निघते ती संक्रांतीच्या आगेमागे. म्हणजे वर्षातून दोनदा घरात पैसा येतो आणि बाराही महिने चूल पेटते. मधले महिने मायबाबांची मजुरी आणि किराणा दुकानातली उधारी यांवर निघतात. या दुकानदारांना आम्ही काकाजी म्हणतो. त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. प्रत्येक घराला त्यात एक पान. आमच्या पानावर नाव आहे माझ्या आजोबांचे. आबाजींना जाऊन नऊ वर्षे झाली. पण वहीत ते अजून मीठ, तेल आणि चहापत्ती नेतात.

मी प्रथम वर्षाला असताना दिवाळीपूर्वी सोयाबीन विकून बाबा हिशोब चुकता करायला निघाले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. बाबांच्या हातात पडला त्याहून बराच कमी. जाताना मला म्हणाले, "चाल वं, तूही चाल. आता तू शिकली, हिसाब पाहून घे."

मी वही हातात घेतली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि माझे हात थांबले. हे पान आमच्या घराचे, पण आमच्या घरातले कुणी ते आजवर वाचलेलेच नव्हते. आबाजींना अक्षर येत नव्हते. माय अंगठा लावते. बाबा सही करतात, पण तेवढीच. तीन पिढ्यांचे मीठमिरची ज्या कागदावर लिहिले, तो वाचणारी मी पहिली.

मी वाचू लागले. आणि खरे सांगते, मला राग आला. साखर वाशिमच्या दुकानापेक्षा किलोमागे चार रुपयांनी महाग, तेल आठ रुपयांनी. कॉलेजची हवा नुकतीच लागली होती. मी भर दुकानात तसे बोलून दाखवले. बाबा खाली पाहू लागले. काकाजी मात्र रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पोरी, वाशिमचा भाव रोखीचा हाय. तुह्या बापाचा पैसा दसऱ्याले येते. मधातले चार महिने माहा पैसा कुठं असते? तुह्या घरात असते."

उत्तर चुकीचे नव्हते. पूर्ण बरोबरही नव्हते. मी पुन्हा वहीत डोके घातले. आणि त्याच पानावर जुलै महिन्यात एक ओळ होती. मीठ, चहापत्ती, तेल, ॲडमिशन १,८००, कपड्याचा साबण. ॲडमिशन! माझ्या प्रवेशाचे पैसे बाबांनी मजुरीतून साठवले आहेत असे मला घरी सांगण्यात आले होते. ते आले होते या पानातून, मीठ आणि साबण यांच्या मधल्या ओळीतून. त्यावर व्याज लावलेले नव्हते. काकाजींनी ते किराण्यासारखेच लिहून ठेवले होते. जणू मुलीचे शिक्षण हीसुद्धा घराला लागणारी एक जिन्नस.

त्या वर्षी भाव पडल्यामुळे हिशोब पुरता चुकला नाही. काकाजींनी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'मागील बाकी'. बाबांनी कसलाही कागद लिहून दिला नाही, काकाजींनी मागितला नाही. आम्ही उठलो. घरी येताना मला मंदिरातल्या मूर्तीची आठवण झाली. हा सारा बाजार कशावर टेकला आहे? कशावरच नाही. तो बाबांच्या शब्दावर आणि काकाजींच्या धीरावर अधांतरी उभा आहे. पाऊस नीट पडला तर त्याच्याखालून घोडेस्वार जाईल. पाऊस रुसला, भाव पडला, की केवळ कापड सरकावे एवढीच जागा उरते.

इथे कुणी म्हणेल, ही पोर उधारीचे गोडवे गाते आहे. नाही. वहीची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, थोडी पुस्तकातून आणि थोडी घरातून. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे, तोही बाजाराचाच दिवस, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला आणि सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. का जाळल्या त्यांनी वह्या? कारण त्या वह्यांत काय लिहिले आहे हे ज्यांच्या नावावर लिहिले त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजाचे उदाहरण घ्या. देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ साली तिथे सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार नुसत्या मायेने चालत नाही, त्याला नियमही लागतात, हे आपल्या वऱ्हाडाला सव्वाशे वर्षांपूर्वीच समजले होते.

आणि घरातली गोष्ट आजीने सांगितलेली. आबाजींच्या तरुणपणी एका दुकानाच्या ओट्यावर आमच्या माणसांनी पाय ठेवायचा नसे. खाली उभे राहायचे, पैसे ओट्याच्या कडेवर ठेवायचे आणि धोतराचा सोगा पसरायचा. माल वरून सोडला जाई. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमची माणसे बदलली. ओटे बदलायला त्यानंतर बराच काळ लागला. ते दुकान आता राहिलेले नाही. परंतु ज्या रांगेत ते होते, त्याच रांगेत आज मी स्टुलावर बसून दुकानदाराच्या हातातली वही मागून घेते आणि भावाबद्दल हुज्जत घालते. माझे बाजारावर प्रेम आहे ते हे सारे विसरून नव्हे. आबाजींना जिथे उभे राहावे लागले, तिथे मला बसता येते, म्हणून तो बाजार आता माझाही आहे.

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते. मागच्या जूनमध्ये मी कॉलेजसाठी बॅग घेतली ती मोबाईलवरून. बाजारात तशी बॅग सातशेला होती, मोबाईलवर साडेपाचशेला. पार्सल आणून देणारा मुलगा दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. चौकातच त्याने हाक मारली, आणि समोर नेमके स्टेशनरीचे दुकान. ज्या काकांनी दहावीत मला अपेक्षित प्रश्नसंच वापरून परत करायच्या बोलीवर दिले होते, ते काउंटरमागे उभे. त्यांनी पाहिले, हसले, आणि पुन्हा कामाला लागले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मग त्या वर्गमित्राचा विचार मनात आला. शिक्षण सुटल्यावर त्याला जी नोकरी मिळाली ती हीच. माझ्यासारखीने पार्सल मागवले नाही तर तो काय करील? मोबाईलच्या बाजूने आणखीही बोलता येईल. मोबाईल जात विचारत नाही. मुलीला जी वस्तू चार पुरुषांसमोर मागायला संकोच वाटतो ती तो मुकाट्याने घरी पोचवतो. आमच्या बाजाराला तर हजार डोळे. मी स्टँडवर एखाद्या मुलाशी पाच मिनिटे बोलले तर मी घरी पोचण्याआधी ती बातमी मायच्या चुलीपाशी पोचलेली असते. चहाच्या हॉटेलात बसून आलुबोंडा खाणे मला अजून एकदाही जमलेले नाही. त्याचा वास एवढा पाठ आहे तो बाहेरूनच. ज्या बाजाराविषयी मी इतके लिहिते, त्यातल्या निम्म्या बाकांवर मुलींना जागा नाही, हे लिहिल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

पण तीच बॅग. दिवाळीच्या सुमारास तिची चेन तुटली. परत करण्याची मुदत केव्हाच संपलेली. मी ती चौकातल्या बॅग शिवणाऱ्या दादांकडे नेली. कुठून घेतली, केवढ्याला घेतली, काही विचारले नाही. तीस रुपयांत नवी चेन बसवली आणि वर म्हणाले, "पट्टाही उसवून रायला, टाका मारून देतो." त्याचे पैसे घेतले नाहीत. मोबाईलला तुमची जात ठाऊक नाही हे चांगलेच. पण त्याला तुमची नडही ठाऊक नसते. मोबाईलवरही उधार मिळते म्हणतात. त्या झटपट कर्जांच्या वसुलीने माणसांचा इतका छळ झाला की २०२२ साली रिझर्व्ह बँकेला त्यासाठी नियम करावे लागले. पाऊस उशिरा आला म्हणून तो मोबाईल महिनाभर थांबेल का?

बाजारापुढचे संकट एकट्या मोबाईलचे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. पण त्यावरची गाडी आलुबोंड्याच्या वासाने थांबत नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसाने उभ्या सोयाबीनची दैना केली; शेतात शेंग काळी पडली की बाजारात गल्ला रिकामा राहतो. आणि सर्वांत मोठे संकट मला काकाजींनीच सांगितले. त्यांची दोन्ही मुले पुण्याला नोकरीत आहेत. "माह्या मागं ही वही कोन लिहीन?" ते विचारत होते. मला नव्हे, बहुधा वहीलाच. मी काय सांगणार? आम्हीही शिकतो आहोत ते इथून निघून जाण्यासाठीच. माझ्या वर्गातल्या किती जणींना पदवीनंतर आपल्या गावी दुकान काढायचे आहे, हे मी विचारून पाहिले. कुणीच हात वर केला नाही. माझाही हात खालीच होता.

मग करावे काय? गावाच्या बाजारावर निबंध लिहून बाजार जगत नाही. तो जगतो तिथे खरेदी केल्याने. मी माझ्यापुरते ठरवले आहे की वह्या, पेन, पुस्तके, चपला आणि कापड गावातच घ्यायचे. चार रुपये जास्त गेले तर ते धीराचे मोल समजायचे. जी वस्तू तिथे मिळतच नाही तिच्यासाठी मोबाईल आहे. पण काकाजींकडेही माझे एक मागणे आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. वहीत नुसती रक्कम लिहू नका, भाव लिहा. उधारीचा जो जास्तीचा पैसा असेल तो उघड लिहा. आमच्यासारख्या मुलामुलींनी सुटीत घरी गेल्यावर हे एक काम करावे. आपल्या घराचे पान वाचावे, बेरीज तपासावी, चूक असेल तर दाखवावी, उपकार असेल तर ओळखावा. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वही जाळली, कारण त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. आपल्यापाशी आहे. आपल्याला वाचता येते. जो हिशोब दोन्हीकडून वाचला जातो, त्यावरचा विश्वास आंधळा राहत नाही.

गेल्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी काकाजींनी नवी वही काढली. हळदकुंकू वाहिले. आम्ही मागील बाकीपैकी जेवढे जमले तेवढे द्यायला गेलो होतो. नवे पान उघडून काकाजी बाबांना म्हणाले, "यंदा नाव कोनाचं टाकू? का बुढ्याचंच राहू देऊ?"

बाबा घुटमळले. त्यांच्या बेचाळीस वर्षांत त्यांचे नाव त्या वहीत कधी आलेच नव्हते. राबले तेच, फेडले त्यांनीच, पण पान आबाजींचे. ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "बाबांचं टाका, काकाजी."

काकाजींनी वही फिरवून माझ्यापुढे सरकवली आणि टोपण काढून पेन हातात दिला. "तू शिकली ना? मंग तूच लिही."

मी बाबांचे नाव लिहिले. त्याच्याखाली पहिली ओळ काकाजींनी लिहिली: मागील बाकी. मी ती मोठ्याने वाचून दाखवली, आकड्यासकट. बाबांनी मान हलवली. हिशोब बरोबर होता.